एक्सप्रेस पास घेतला की नक्की काय विकत मिळतं?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या चिपळूण-गुहागर पट्ट्यात खोपोलीचा विषय निघतोच निघतो. २०१३ ला तिथे इमॅजिका हे मनोरंजन पार्क सुरू झालं आणि तेव्हापासून शाळेच्या सहली, वाडीतल्या पोरांची ट्रिप, मुंबईहून आलेली भाचरं, सगळ्यांचा एक दिवस तिकडे ठरलेला. रात्री गाडी काढायची, महाड-माणगाव-पेण करत सकाळी खोपोलीला पोचायचं, दिवसभर फिरायचं आणि रात्रीच परत निघायचं. आणि तिकीट काढायला बसलं की सगळे हमखास एकाच ठिकाणी अडतात, साधं तिकीट घ्यायचं की वरचे पैसे भरून एक्सप्रेस घ्यायचं? वंडरला पार्कात याला फास्टट्रॅक म्हणतात, अमेरिकेत डिस्नीवाले लायटनिंग लेन म्हणतात, युनिव्हर्सलवाले एक्सप्रेस, सिक्स फ्लॅग्जवाले बरीच वर्षं फ्लॅश पास म्हणायचे. नाव काहीही असो, मामला एकच, जास्त पैसे भरा आणि रांगेत कमी वेळ उभे राहा.

बऱ्याच जणांना वाटतं यात समजून काय घ्यायचं, पैसे असतील तर घ्या नसतील तर सोडा. पण यात थोडं गणित आहे, आणि ते एकदा कळलं की पास कधी घ्यावा, कधी अजिबात घेऊ नये, आणि साध्या रांगेत आपला नंबर तासभर का हलत नाही हे सगळं लख्ख दिसायला लागतं. माझा या विषयात खरंच जीव आहे, कारण वर्षातून एकदा पैसे साठवून कुठेतरी जाणारं कुटुंब तिथे जाऊन दिवसभर रेलिंगला टेकून उभं राहतं हे मला बघवत नाही.

आधी राइडचं बघू. समजा एका रोलर कोस्टरच्या ट्रेनमध्ये २० सीट आहेत आणि दर २ मिनिटांनी एक ट्रेन सुटते. म्हणजे तासाला ३० फेऱ्या, ६०० माणसं. झालं, हा त्या राइडचा तासाचा आकडा. तुमच्या पुढे ६०० माणसं असतील तर तास लागणार, ३०० असतील तर अर्धा तास. रांगेतली माणसं, तासाला किती सुटतात आणि प्रत्येकाला किती थांबावं लागतं, या तिन्हीचं नातं संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणिताने सिद्ध करून दाखवलं आणि जगभरातली पार्कं, बँका, हॉस्पिटलं आजही तेच गणित वापरतात. आता मुद्दा असा की एक्सप्रेस पास कितीही विकले तरी तासाला ६०० ची ६०१ माणसं होत नाहीत. सीटचे पट्टे तपासायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागणार, ट्रेन तेवढ्याच वेगाने धावणार. पासमुळे नवीन सीट तयार होत नाही, असलेली सीट कोणाला आधी मिळणार एवढंच बदलतं.

दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर मे महिन्यात गेलात की हे डोळ्यासमोर दिसतं. बोटीवर गाड्या मावतील तेवढ्याच मावणार आणि खाडी ओलांडायला लागतो तेवढाच वेळ लागणार. समजा जेटीवर कोणी वेगळे पैसे घेऊन चार गाड्या पुढे काढल्या, तर बोट काही लवकर पोचत नाही, या फेरीत मावणाऱ्या शेवटच्या चार गाड्या पुढच्या फेरीवर जातात, त्यांच्यामुळे मागच्या चार त्याच्या पुढच्या फेरीवर, आणि ते असं शेपटापर्यंत जातं. पैसे भरणाऱ्याचा जेवढा वेळ वाचला तेवढा वेळ मागच्यांच्या खिशातून गेलेला असतो, फक्त तो मागच्या अनेकांत वाटला जातो म्हणून कोणाला ठळक दिसत नाही. आता त्याच बोटीवर दुसरी एक गोष्ट बघा. गाड्या लागून झाल्या की रॅम्पवरचा माणूस मोटारसायकलींना हात करतो आणि त्या दोन गाड्यांमधल्या फटीत, कडेला, कोपऱ्यात जिथे जागा असेल तिथे शिरतात. या मोटारसायकलवाल्यांनी कोणाचीच जागा घेतलेली नसते, ती जागा तशीही रिकामीच गेली असती. पार्कात याला सिंगल रायडर लाइन म्हणतात. चार सीटच्या ओळीत तिघांचं कुटुंब बसलं की एक सीट उरते, तिथे एकटा माणूस बसवतात. त्याला लवकर जायला मिळतं आणि नुकसान कोणाचंच होत नाही, उलट राइडवर तासाला जास्त माणसं जातात. म्हणजे दोन्हीकडे कोणीतरी रांग टाळून पुढे गेलं, पण एकात दुसऱ्याचा वेळ गेला आणि एकात फुकट जाणारी सीट कामाला आली. हा फरक डोक्यात पक्का बसला की निम्मं काम झालं.

आता दोन रांगा एकत्र कुठे येतात ते. प्रत्येक राइडच्या दाराजवळ एक जागा असते जिथे साधी रांग आणि एक्सप्रेसची रांग एकमेकींना मिळतात आणि तिथे एक कर्मचारी उभा असतो, इकडचे किती सोडायचे आणि तिकडचे किती हे त्याच्या हातात असतं, म्हणजे वरून सांगितलेलं प्रमाण असतं. साध्या रांगेची सगळी कुंडली त्या प्रमाणात आहे. वरच्याच हिशोबात तासाच्या ६०० सीटपैकी ३०० एक्सप्रेसला गेल्या, तर तुमच्या पुढे ३०० माणसं दिसत असूनही तुम्हाला अर्धा तास नाही, अख्खा तास लागणार. रांग बघून अंदाज का चुकतो ते हे. एका पार्कात मी अगदी त्या जागेच्या बाजूला अडकले होते. बाहेरच्या बोर्डवर ४० मिनिटं लिहिलेली, ती कधीच उलटून गेली होती. तिथल्या कर्मचाऱ्याने दोरी उचलून तिकडचे पंधरा जण सोडले, मग आमच्यातले पाच, मग पुन्हा तिकडचे पंधरा. माझ्या मागे एक सात-आठ वर्षांचा मुलगा बापाच्या हाताला लोंबकळत होता, तो म्हणाला, "बाबा, ती लोकं आत्ता आली ना?" आणि बाप म्हणाला, "हो रे, त्यांनी जास्त पैसे भरलेत." मुलगा पुढे काही बोलला नाही, पण त्यानंतर जेवढ्या वेळा दोरी वर गेली तेवढ्या वेळा तो मोजत होता. रांगांचा अभ्यास करणाऱ्या डेव्हिड माइस्टर यांनी १९८५ मध्येच लिहून ठेवलंय की अन्यायाची वाटणारी रांग सरळ रांगेपेक्षा लांब वाटते, आणि आपण का थांबलोय हे कोणी सांगितलं नाही तर आणखीच लांब वाटते. त्या रांगेत दोन्ही गोष्टी होत्या.

पण खरी मेख याच्या पुढे आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. लोकांना वाटतं की एक्सप्रेसवाले आमच्यातलेच आहेत, ते तिकडे गेले म्हणजे आमची रांग तेवढी कमी झाली, हिशोब बरोबर. तसं होत नाही, कारण ज्याला थांबावं लागत नाही तो जास्त राइड करतो. समजा पार्कात ३००० माणसं आहेत, जेवणखाण सोडून प्रत्येकाकडे ७ तास म्हणजे ४२० मिनिटं आहेत. एका राइडला ५० मिनिटं रांग आणि १५ मिनिटं राइड आणि चालणं, असे ६५ मिनिटं धरले तर दिवसात ६ राइड होतात. म्हणजे पार्कने दिवसभरात ३००० गुणिले ६, अशा १८,००० सीट दिल्या. आता यातल्या ३०० जणांनी पास घेतला आणि त्यांची रांग १० मिनिटांवर आली. त्यांची एक राइड २५ मिनिटांत होते, म्हणजे दिवसात १६ राइड. ३०० गुणिले १६, ४८०० सीट त्यांनी घेतल्या. उरल्या १३,२०० सीट, २७०० माणसांत. माणशी ५ पण पूर्ण होत नाहीत. म्हणजे दहातल्या एकाने पास घेतला आणि बाकीच्या नऊ जणांची एक-एक राइड गेली, शिवाय जी ५० मिनिटांची रांग होती ती लांबली. आता तेच १००० जणांनी पास घेतला असं धरा. १६,००० सीट तिकडेच संपल्या, उरलेल्या २००० माणसांना २००० सीट, दिवसभरात माणशी एक राइड! प्रत्यक्षात असं होत नाही, कारण सोळा राइड करून माणूस थकतो, चक्कर येते, पोरं खायला मागतात, आणि पार्कवालेही तेवढे पास विकत नाहीत. पण का विकत नाहीत ते यावरून कळतं. पास फार विकले गेले तर एक्सप्रेसची रांगच साध्या रांगेएवढी होईल आणि मग तो घेणार कोण. म्हणून दिवसाला ठरावीकच पास विकायचे आणि गर्दी वाढली की किंमत वाढवायची, हे दोन उपाय जवळपास सगळीकडे दिसतात.

हे सगळं आलं कुठून तेही थोडक्यात सांगते. १९५५ ला कॅलिफोर्नियात डिस्नीलँड उघडलं, त्यानंतर लवकरच तिथे तिकिटांची वही निघाली, पुढे ती ए पासून ई पर्यंत वाढली, ई म्हणजे सगळ्यात भारी राइड. आपल्या जत्रेत आकाशपाळण्याचं वेगळं आणि ड्रॅगनचं वेगळं तिकीट असतं तसंच. १९८२ पर्यंत ती पद्धत पूर्ण बंद झाली आणि गेटवर एकदाच पैसे, आत सगळं मोकळं, असं झालं. ऐकायला छान, पण सगळ्यात भारी राइडला वेगळे पैसे नाहीत म्हटल्यावर सगळे तिथेच धावणार, आणि मग ती कोणाला मिळणार हे पैशाने नाही तर उभं राहायच्या तयारीने ठरायला लागलं. वेळ सगळ्यांकडे सारखाच असतो, म्हणून मला स्वतःला ही पद्धत जास्त सरळ वाटते. १९९९ ला डिस्नीने फ्लोरिडाच्या पार्कात फास्टपास आणला, मशिनमध्ये तिकीट घालायचं, कागदाची चिठ्ठी यायची, त्यावर परत यायची वेळ, आणि हे सगळं फुकट. पुढे ते मोबाइलवर गेलं, २०२० मध्ये कोविडात थांबलं, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये परत आलं ते पैशाने, जीनी प्लस नावाने, माणशी दिवसाला १५ डॉलर. २०२४ च्या जुलैत त्याचं नाव लायटनिंग लेन मल्टी पास झालं आणि त्याच वर्षाअखेरीस वेळ न राखता थेट आत सोडणारा प्रीमियर पास आला, सुरुवातीला माणशी एका दिवसाचे १२९ ते ४४९ डॉलर, पार्क आणि तारीख बघून, गेटचं तिकीट वेगळं. म्हणजे जे पंचवीस वर्षांपूर्वी सगळ्यांना फुकट मिळत होतं त्याचीच ही किंमत झाली. फुकट होतं तेव्हाही वरचं गणित लागू होतंच बरं का, चिठ्ठी घेऊन माणूस मधल्या वेळात दुसऱ्या रांगेत उभा राहायचा, म्हणजे एकच माणूस दोन रांगांत. पण निदान चिठ्ठी मिळवायचा हक्क सगळ्यांना सारखा होता.

पासचे प्रकारही नीट बघून घ्या, कारण जाहिरातीत सगळं सारखंच दिसतं. एका प्रकारात तुमची जागा मोबाइलवर राखली जाते आणि तुम्हाला वेळ दिली जाते, तोपर्यंत कुठेही फिरा. सिक्स फ्लॅग्जचा सगळ्यात स्वस्त फ्लॅश पास कित्येक वर्षं असाच होता, थांबायचं तेवढंच पण रांगेबाहेर, आणि वरच्या दर्जाचा घेतला की वेळ निम्म्यावर, त्याहून वरचा घेतला की आणखी खाली. दुसऱ्या प्रकारात वेगळ्या दाराने थेट आत. त्यातही प्रत्येक राइडला एकदाच की हवं तेवढ्या वेळा, हा फार मोठा फरक आहे आणि तो बारीक अक्षरात लिहिलेला असतो. वरच्या हिशोबात मी हवं तेवढ्या वेळाचा पास धरला होता, एकदाच वाला असेल तर साध्या रांगेला लागणारा धक्काही पुष्कळ कमी बसतो. मला विचाराल तर पार्काने पैशाचा पास विकायचाच असेल तर एकदाच वाला विकावा.

अजून एक गोष्ट, राइड मध्येच बंद पडली की काय होतं. पाऊस आला, वीज कडाडली, सेन्सरने काहीतरी दाखवलं, की कोस्टर थांबवतात आणि ते बरोबरच आहे. पण अर्ध्या तासाने सुरू होते तेव्हा त्या अर्ध्या तासात ज्यांची एक्सप्रेसची वेळ होती ते सगळे एकदम येतात आणि त्यांना आधी सोडतात, कारण त्यांनी पैसे मोजलेत. साधी रांग त्यानंतरही बराच वेळ जागची हलत नाही. म्हणून राइड नुकतीच चालू झाली असेल आणि साधी रांग छोटी दिसत असेल तर फसू नका, आधी बाजूच्या रांगेवर नजर टाका.

मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते हे. पासला किंमत येते ती साधी रांग लांब असेल तेव्हाच. रांगच नसेल तर पास कोण घेणार? म्हणजे रांग कमी करण्यात पार्काचा जो फायदा असायला हवा तो पास विकायला लागल्यावर थोडा तरी कमी होतो. बऱ्याच मोठ्या कोस्टरना दोन किंवा तीन ट्रेन असतात, एक फिरत असताना दुसऱ्या ट्रेनमध्ये माणसं बसवतात. एकच ट्रेन चालवली तर खर्च वाचतो पण तासाला माणसं खूपच कमी सुटतात. तुम्ही उभे असाल तेव्हा बघा, ट्रॅकवर किती ट्रेन आहेत, पट्टे तपासायला दोघं आहेत की चौघं, सीट रिकाम्या जातायत का. गर्दीच्या दिवशी एकच ट्रेन चालू आहे आणि बाहेर एक्सप्रेसचा काउंटर जोरात आहे, असं दिसलं तर ते चूक आहे, आणि तसं त्यांच्या फीडबॅक फॉर्मवर स्पष्ट लिहा. आधी सगळ्या ट्रेन चालवा, सगळी माणसं कामाला लावा, सिंगल रायडर रांग ठेवा, म्हणजे सीट वाढतील, त्यानंतर जे पास विकायचे ते मोजून विका आणि त्या दिवशी किती विकले ते गेटवर लावा. साधं तिकीट काढणाऱ्यालाही आपण काय विकत घेतोय हे कळायचा हक्क आहे, कारण त्याच्या तिकिटाची किंमत तीच राहून त्यात मिळणाऱ्या राइड कमी होत असतात.

पास घेणाऱ्यांवर माझा अजिबात राग नाही. सहा-सात तास प्रवास करून आलेलं, पुन्हा कधी येणं होईल माहीत नाही असं कुटुंब गर्दीच्या दिवशी पास घेत असेल तर ते बरोबरच करतंय. फक्त हिशोब करून घ्या. पासचे वरचे पैसे भागिले वाचणारे तास. दिवाळी, नाताळ, मेमधला शनिवार-रविवार, अशा दिवशी तीन-चार तास सहज वाचतील. जून-जुलैतल्या मंगळवारी बहुतेक काहीच वाचणार नाही आणि पैसे पाण्यात जातील. आपल्याकडे एक गोष्ट मात्र मुंबईवाल्यांच्या लक्षात येत नाही, नोव्हेंबर ते जानेवारी हा सहलींचा हंगाम, तेव्हा आडवारी सुद्धा गर्दी असते, रायगड-रत्नागिरीतूनच किती एसट्या येतात. पण त्या पोरांना घरी पोचवायचं असतं म्हणून त्यांच्या बसगाड्या पार्क संध्याकाळी बंद व्हायच्या आधीच निघतात, आणि मग शेवटच्या तासात रांगा एकदम विरळ होतात. ज्यांना राहायचंय त्यांनी तो तास मोठ्या कोस्टरसाठी राखून ठेवावा. सकाळचा पहिला तासही तसाच, गेट उघडल्या उघडल्या सगळे पहिल्या दिसेल त्या राइडला चिकटतात, तुम्ही सरळ आतल्या टोकाला जा आणि तिथून मागे या. बोटीतून नेणाऱ्या राइड किंवा थिएटरसारखे शो एका वेळी भरपूर माणसं घेतात, तिथे पासचा उपयोग जवळपास नाही, दुपारच्या गर्दीत तेच करा. पास कामाला येतो तो कमी सीटच्या राइडवर.

लहान मुलं बरोबर असतील तर पास घ्यायच्या आधी घरीच भिंतीला उभं करून त्यांची उंची मोजा. मोठ्या राइडना उंचीची अट असते आणि पास माणशी असतो, ज्या पोराला निम्म्या राइडवर बसूच देणार नाहीत त्याच्यासाठी पैसे कशाला. अगदी तान्हं मूल असेल तर एक जण मुलाकडे थांबून दुसरा जाऊन आला की पहिल्याला पुन्हा रांग न लावता जाता येतं का, ते विचारा, बऱ्याच मोठ्या पार्कांत ही सोय फुकट असते. आजी-आजोबा किंवा चालायला त्रास असलेलं कोणी असेल तर गेटवरच सांगा, त्यांच्यासाठी वेगळं दार आहे का ते आत शिरायच्या आधी कळलेलं बरं. काउंटरवर तीन गोष्टी तोंडाने विचारून घ्या, एकदाच की कितीही वेळा, कुठल्या राइड यात येत नाहीत, आणि आज कुठली राइड बंद आहे. तिसरा प्रश्न विसरू नका, कारण ज्या कोस्टरसाठी तुम्ही पास घेताय तोच दुरुस्तीला असेल तर काय करणार. आणि शिल्लक असला तर बऱ्याच ठिकाणी पास आत गेल्यावर पण काढता येतो, त्यामुळे घरून निघतानाच घ्यायला पाहिजे असं नाही, पहिले एक-दोन तास फिरून रांगा बघा आणि जेवायच्या आधी ठरवा. फक्त दिवाळीच्या आठवड्यात जाणार असाल तर तेवढं थांबू नका, तेव्हा तो संपतो.